काळी एकचा फौजदार

शनिवार, २२ नोव्हेंबर १९७५. स्वयंपाक उरकून मी ओसरीवर बाभळीचे काटे तासायला बसले होते. जुन्या ब्लेडने टोक तिरकं कापायचं, काचकागदावर फिरवायचं आणि बोटाच्या पेराला लावून बघायचं. हे काटे फोनोत, म्हणजे चावीच्या ग्रामोफोनात, पिनेऐवजी लावायचे होते. लोखंडी पिना सोलापुरात मिळेनाशा होऊन बरीच वर्षं झाली होती, आणि कुठून तरी मिळवल्या तरी त्या तबकडी खरवडून काढत. बाभूळ मात्र आपल्याकडे हवी तेवढी. आमचा जॉबर, म्हणजे मागांची दुरुस्ती बघणारा कारागीर, वळसंगहून सायकलने यायचा. उन्हाळ्यात तो काट्यांच्या फांद्या कॅरिअरला बांधून आणायचा आणि मी त्या गच्चीवर मिरच्यांच्या शेजारी वाळत टाकायची. काट्याने आवाज जरा बारीक येतो, पण खरखर कमी होते. एका काट्यात एक गाणं नीट निघतं, दुसऱ्याला तो टिकत नाही.

एवढे काटे एकदम लागणार होते, कारण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या घरी संगीत मंडळ जमणार होतं आणि मामा बोलणार होते. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. मंडळ म्हणजे आमच्या पेठेतली सातआठ निवृत्त माणसं. आळीपाळीने कुणाच्या तरी घरी जमायचं, एकाने गायचं, बाकीच्यांनी माना डोलवायच्या आणि घरी जाताना त्याचे दोष काढायचे, असा त्यांचा शिरस्ता. एकदा माझ्या फोनोवरचे विलायती गवई ऐका, म्हणून मामा कित्येक वर्षं त्यांच्या मागे लागले होते. मंडळाचे अध्यक्ष एक हेडमास्तर होते. ते मामांना म्हणायचे, पेटीवाले, गोऱ्या माणसाला विंचू चावल्यावर तो कसा ओरडतो ते ऐकायला आम्ही कशाला जमायचं?

शेवटी त्यांनी होकार दिला तो मामांनी विषय सांगितला तेव्हा. एका गळ्याचं अख्खं आयुष्य, असा विषय होता. एकाच गवयाच्या पाच तबकड्या, ऐन पंचविशीपासून थेट म्हातारपणापर्यंत, ओळीने लावायच्या. आपल्याकडच्या कुठल्या गवयाचं असं ऐकायला मिळतं का, या प्रश्नावर हेडमास्तरांनी रविवार नक्की केला.

मामांना घाई होती ती कानांमुळे. उजवा कान गेला होता आणि डावाही फार दिवस साथ देणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मागांच्या खडखडाटात आयुष्य काढलेल्या माणसाचं आमच्या गावात हे व्हायचंच. आपल्याला ऐकू येतंय तोवर आपण काय ऐकतो ते आणखी चार जणांना कळावं, एवढंच त्यांना हवं होतं.

फोनो आमच्या घरात आला तो टेबलाबरोबर. गिरणीतला एक इंग्रज अधिकारी विलायतेला परत निघाला तेव्हा त्याने सामान लिलावात काढलं. मामांना टॉवेलच्या घड्या घालायला मोठं सागवानी टेबल हवं होतं. टेबलावर जे होतं ते टेबलाबरोबर आलं: चावीचा फोनो, पितळी कर्णा आणि तबकड्यांनी भरलेलं खोकं. तबकड्या तेव्हाच जुन्या झालेल्या होत्या. बऱ्याचशा एकाच बाजूने वाजणाऱ्या, दुसरी बाजू नुसती गुळगुळीत. सासूबाईंनी म्हणे एकीच्या गुळगुळीत बाजूवर पापड लाटून बघितले होते. पापड उत्तम झाले, पण मामा रुसून जेवले नाहीत, म्हणून पुन्हा लाटले नाहीत.

मी लग्न होऊन अक्कलकोटहून आले तेव्हा या तबकड्यांचं मला काही कौतुक नव्हतं. माहेरी कन्नड भजनं कानावर असायची. इटलीतलं संगीत नाटक हे काय प्रकरण, ते ठाऊक नव्हतं. ऑपेरा म्हणजे तेच, संगीत नाटक. फरक एवढाच की त्यांच्याकडे पात्रं चहा मागायचा तरी गाऊन मागतात. मामांना ते समजवावं लागलं नव्हतं. तरुणपणी ते नाटक कंपनीत पेटीवर साथीला होते आणि तिथे त्यांनी यापेक्षा विचित्र प्रसंगी माणसं गाताना बघितली होती.

कंपनीच्या मुख्य गवयाबरोबर ते एकदा मुंबईला गाणं भरायलाही गेले होते. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. भिंतीतून एक मोठा कर्णा बाहेर आलेला असायचा आणि त्याच्यात तोंड घालून गायचं. त्यांची पेटी म्हणे उंच स्टुलावर चढवून कर्ण्याला टेकवली होती. गवयाच्या मागे एक माणूस उभा. गवई वरच्या सुरात गेला की तो त्याचे खांदे धरून मागे ओढायचा आणि खालच्या सुरात आला की पुढे ढकलायचा, नाहीतर गाणं कोरणारी मेणावरची सुई उडायची. मामांनी मला गाणं ऐकायला शिकवलं ते इथून. सूर, राग, शब्द यातलं मला काहीच येत नव्हतं, तेव्हा त्यांनी सांगितलं की माणूस कुठे उभा आहे ते ऐक. “अक्कलकोट, हितं आईक की. हितं त्याला मागं ओढलंय बघ.” ते मला माझ्या माहेरच्या गावाने हाक मारायचे. मी ऐकलं, आणि खरंच तो माणूस एक पाऊल मागे गेलेला कळला. एकदा ते कळलं की पुढे तो श्वास कुठे घेतो, कुठे जोर राखून ठेवतो, कुठे कर्ण्याच्या अगदी ओठाशी येऊन कुजबुजतो, सगळं हळूहळू कळायला लागलं.

खोक्यातले जवळजवळ सगळे गवई एकाच जातीच्या आवाजाचे होते. लेबलावर नावाखाली बारीक अक्षरात बॅरिटोन असं छापलेलं. आमच्या ह्यांनी शब्दकोशात बघून सांगितलं की पुरुषाचा मधला आवाज. त्या इंग्रजाला दुसरा आवाज आवडतच नसावा. उंच गळ्याचा एक नायक होता, पण तो सारखा आढ्याला टेकल्यासारखा गायचा आणि मला त्याची काळजी वाटायची. बॅरिटोनची काळजी वाटत नाही. तो घरातल्या कर्त्या माणसासारखा असतो. पोरांना जेवायला बोलावणारा, मागावरच्या माणसाला दटावणारा, मुलीच्या लग्नात शेवटपर्यंत न रडणारा आवाज. गवयांची नावं नीट उच्चारता यायची नाहीत म्हणून आम्ही आपली नावं ठेवली होती. एक वकील होता, तो प्रत्येक शब्द कोर्टात मांडल्यासारखा गायचा. तो माझा आवडता. एकाला आम्ही तूप म्हणायचो. आणि पाच तबकड्यांचा मालक तो फौजदार.

ऐकायची वेळ वीज मंडळ ठरवायचं. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमचे सहा माग होते आणि ते चालू असताना शेजारच्या माणसाचं बोलणं ओठांवरून ओळखावं लागायचं. त्या वर्षांत वीज रोज जायची, शिवाय रविवारी दुपारनंतर आमच्या भागाची बंदच असायची. वीज गेली की माग थांबायचे, घरात एकदम शांतता व्हायची, कामगार विड्या ओढायला बाहेर पडायचे आणि मामा फोनोला चावी द्यायचे. फोनोला वीज लागत नाही. सगळं सोलापूर वीज मंडळाच्या नावाने बोटं मोडायचं तेव्हा आमचे मामा खुशीत असायचे.

आता पट्टीचं सांगायला हवं. आपल्याकडे प्रत्येक गवयाची एक पट्टी असते. त्याचा सा पेटीच्या ज्या पट्टीवर बसतो ती त्याची, आणि ती सहसा जन्मभर बदलत नाही. कुणी काळी एकमध्ये गातो, कुणी पांढरी चारमध्ये. मामांचं सगळं नाव यावरच होतं. माणूस नुसता खाकरला तरी ते पट्टी सांगायचे. त्यांनी फौजदाराची हाताला आली ती तबकडी लावली तेव्हा त्याचा सा काळी एकवर बसला. पुढची लावली तर सा भलतीकडे. मामांनी विचार केला की गवई तर तोच आहे, मग चूक यंत्राची. फोनोवर वेग कमीजास्त करायची एक खिट्टी असते. ती सरकवून त्यांनी पाचही तबकड्या काळी एकवर आणल्या आणि प्रत्येक पाकिटावर पेन्सिलने खूण करून ठेवली. खिट्टीखाली वेगाचे आकडे कोरलेले होते, पण ते त्यांनी मानले नाहीत. आकडा लोखंडाला कळतो, सुराला न्हाय, असं त्यांचं मत.

गाण्याच्या मध्येच तो परका गवई कधीकधी आपला सा सोडून दुसरीकडे जायचा. मामा त्यालाही घाबरले नाहीत. “गेला वळसंगला,” म्हणायचे. थोड्या वेळाने तो परत यायचा तेव्हा, “आला बघ सोलापुरात.”

अशा रीतीने फौजदाराचं आयुष्य तयार झालं. एका तबकडीत तो कोवळा, पाणीदार, उतावळा. दुसऱ्या दोनांत भर जवानीतला. चौथीत जरा थकलेला. आणि पाचवीत म्हातारा: जड, संथ, प्रत्येक सुरावर काठी टेकत चालणारा, आवाजात रुंद थरथर. ही पाचवी मामांची फार लाडकी. सासूबाई गेल्या त्यानंतर कितीतरी दिवस वीज गेली की हीच एक तबकडी लागायची. मीही तिच्याशी घरातल्या वडीलधाऱ्या माणसाशी वागावं तशी वागायचे. ती चालू असताना भांडी घासत नसे.

तर त्या शनिवारी सकाळी मामा दुसऱ्या दिवसासाठी दाढी-कटिंग करून घ्यायला गेले होते. दहाच्या सुमारास वीज गेली. शांतता आहे तोवर काटे तपासून घ्यावेत म्हणून मी फोनो काढला. काटा तपासायला अख्खं गाणं वाजवलं तर काटा झिजून जातो, म्हणून सुरुवातीचं थोडंसं वाजवायचं आणि उचलायचं. त्या जुन्या तबकड्यांवर गाण्याआधी एक माणूस कर्ण्यात ओरडून गवयाचं आणि गाण्याचं नाव सांगतो. एरवी आम्ही त्याच्याकडे लक्ष देत नसू. भजनाआधी कुणी माईक ठोकतो, त्याला कोण ऐकतं? पण त्या दिवशी मी फक्त त्यालाच ऐकत होते, एकामागून एक, पाकिटावरच्या खुणेप्रमाणे खिट्टी लावत.

त्या माणसाला एक खोड होती. बोलण्याआधी नाक ओढायचा. पहिल्या तबकडीवर त्याने नाक ओढलं आणि तो शाळकरी पोरासारखा चिरकला. दुसरीवर नाक ओढलं आणि बरा बोलला. पाचवीवर, म्हाताऱ्याच्या तबकडीवर, त्याने नाक ओढलं ते म्हशीने हौदातून तोंड वर काढावं तसं, आणि पुढे रेडा बोलला.

मी पुन्हा लावून बघितलं. माणूस तोच होता. गवयाचं तेच नाव, तोच हेल, तेच नाक.

मागांचा वेग कानाने ओळखायची मला सवय होती. माग हळू चालला की मी स्वयंपाकघरातून उठून शेडमध्ये सांगायला जायची. इथे काय झालं ते समजायला मला फार वेळ लागला नाही. गवयाला पट्टी असते हे मान्य, पण नुसतं बोलणाऱ्याला कसली पट्टी? तो काही पहिल्या तबकडीवर दहा वर्षांचा आणि पाचवीवर रेडा नव्हता. तो रोजचा पगारी माणूस होता, आणि त्याला पोर किंवा रेडा करणारी ती खिट्टी होती. म्हणजे फौजदारालाही तिनेच तरुण केलं होतं आणि तिनेच म्हातारा. त्या गवयाने पाच गाणी पाच पट्ट्यांत गायली होती, एवढंच.

वीज गेल्यामुळे हे शेडमधून बाहेर आले होते. त्यांना मी नाकवाल्याचे दोन नमुने ऐकवले. ते आधी खूप हसले, मग त्यांच्या लक्षात आलं आणि हसणं थांबलं. म्हणाले, “उद्याचा एक दिवस राहू दे की. कुणाला कळणार हाय?”

ते खरंच होतं. मंडळातला प्रत्येक माणूस एक गवई एक पट्टी हेच मानणारा. मामांना खोटं पाडणारं सोलापुरात कुणी नव्हतं. मीही जरा वेळ गप्प बसायचाच विचार केला. मामांची संध्याकाळ छान झाली असती, हेडमास्तरांनी मान डोलवली असती. पण मग सांगायचं कधी? पुढच्या महिन्यात? वर्षाने? डावा कान गेल्यावर सांगितलं तर ते नुसतं सांगणंच झालं असतं. त्यांच्या लाडक्या माणसाचा खरा आवाज त्यांना कधीच मिळाला नसता. सांगायचं तर आजच सांगायला हवं, वीज यायच्या आत.

मामा गुळगुळीत होऊन आले. मी त्यांना डावा कान कर्ण्याकडे करून बसवलं आणि पहिली आणि पाचवी तबकडी सुरुवातीपुरती लावली. पेटीवाल्या माणसाला दोनदा लावावं लागलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पाकिटावरच्या स्वतःच्या खुणेकडे.

“हे तुला कवा कळलं?”

मी म्हटलं, आत्ताच, काटे बघताना.

ते उठून मागे शेडमध्ये जाऊन बसले, थांबलेल्या मागांच्या मध्ये. हे माझ्याकडे बघत होते, तुला सांगितलं होतं अशा नजरेने. मी भाकऱ्या झाकून ठेवल्या आणि राहिलेले काटे तासायला घेतले. काय करणार? काटे तर लागणारच होते, वेग कुठलाही असो.

मध्ये वीज आली, माग चालू झाले, दुपारी पुन्हा गेली. तेव्हा मामा बाहेर आले आणि म्हणाले, “लाव त्यो नाकवाला.”

मग आमचं खरं काम सुरू झालं. पाचही तबकड्यांवर नाकवाला एकाच वयाचा, एकाच आवाजाचा व्हायला हवा होता. मी खिट्टी धरली, मामा कर्ण्याशी. जरा वर, जरा खाली, आता हितं, न्हाय, चिरकतोय. माणूस साधारण कसा बोलतो याचा अंदाज यावा म्हणून ह्यांना अंगणात उभं करून तेच निवेदन ओरडायला लावलं. इतक्या वर्षांत लक्ष न देताही ते शब्द सगळ्या घराला पाठ झालेले. ह्यांनी नाकसुद्धा ओढलं. भिंतीपलीकडून शेजारच्या तेलुगू आजींनी काय झालं म्हणून विचारलं. शेवटी खिट्टी जिथे येऊन थांबली ती जागा कोरलेल्या अठ्ठ्याहत्तरच्या आकड्याच्या थोडी खाली निघाली. पुढे कुणीतरी मला सांगितलं की त्या काळात प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीच्या वेगाने भरायची, तेव्हा आमचा नाकवाला आकड्यापेक्षा विश्वासाचा होता.

मग गाणी लावली. सगळी, ओळीने, खिट्टी न हलवता.

फौजदार गेलाच. पाचही तबकड्यांवर एकच माणूस आला, चाळिशीतला, नीट जेवलेला, आपलं काम येणारा. आवाजातली ती बारीक थरथर पाचही ठिकाणी सारखी. पहिल्या तबकडीतला उतावळा पोरगा शांत झाला आणि चक्क थट्टा करायला लागला. तिसरीत एका ठिकाणी त्याला मागे ओढलेलं मला इतकं स्वच्छ ऐकू आलं की बुटांचा आवाजही ऐकू येईल असं वाटलं. मामा पेटी घेऊन बसले होते. प्रत्येक गाण्याचा सा शोधायचे आणि बोट ठेवायचे: पांढरी सहा, काळी एक, पांढरी चार. पाच गाणी, पाच घरं.

“रोज नव्या घरात ऱ्हातोय गडी,” ते म्हणाले, “आन् कुटंच पाव्हणा वाटत न्हाय.”

पाचवी लावली तेव्हा आम्ही तिघंही जरा सावरून बसलो. काठी टेकत चालणारा म्हातारा उठला आणि झपाझप चालायला लागला. वरातीत घोड्यापुढे चालणाऱ्या काकासारखा, छाती पुढे काढून. गाणं सुंदर होतं, पण ते आमचं नव्हतं. मामांनी ती तबकडी संपेपर्यंत ऐकली, काटा उचलला आणि पाकिटात घातली. मग म्हणाले, उद्या बोलायला काय ऱ्हायलं? मी म्हटलं, उद्याचं उद्या, आता जेवून घ्या.

रविवारी संध्याकाळी मंडळ आलं. टेबल भिंतीला सरकवून सतरंज्या घातल्या होत्या. मी शेंगांचे लाडू केले होते, कारण गाणं फसलं तरी मंडळ लाडवांना नावं ठेवत नाही. हेडमास्तर कर्ण्याच्या समोर बसले. पेटीवाले, विंचू सोडा आता, म्हणाले.

मामा काय करणार ते मला ठाऊक नव्हतं. त्यांनी पाचही तबकड्या आधी आपल्या खुणांप्रमाणे लावल्या, काळी एकवर. पंचविशी, जवानी, थकवा, म्हातारपण. मंडळाने सुरुवातीला एकमेकांकडे बघितलं, मग तिसऱ्या तबकडीला कुणीतरी हूं म्हटलं, आणि म्हाताऱ्याला तर हेडमास्तरांनी डोळे मिटले. म्हातारा संपल्यावर ते म्हणाले की भाषा कळली नाही, पण वय कळलं. मामांना इतकी वर्षं हवं होतं ते हेच.

तिथे थांबले असते तरी चाललं असतं. पण मामांनी चावी दिली, मला नवा काटा मागितला आणि मंडळाला सांगितलं की आता हाच माणूस खरा ऐका. मग नाकवाल्याची सगळी गोष्ट सांगितली, मी पकडलं हेही सांगितलं, आणि तबकड्या बरोबर वेगाने लावल्या. वादाला लगेच तोंड फुटलं. दर गाण्याला पट्टी बदलणाऱ्या गवयाला बैठकच नाही, असं एकाचं म्हणणं. दुसरा म्हणाला, त्यांच्याकडे थंडी असते, गळा बदलत असेल. वकिलाच्या आवाजासारखा हाही शब्द किती नीट टाकतो, हे मला सांगायचं होतं, पण माझ्या हातात लाडवांचं ताट होतं. शेवटी हेडमास्तर म्हणाले, “खरं सांगू का पेटीवाले, आम्हाला म्हातारा बरा वाटला.”

“मला बी त्योच बरा वाटतो की,” मामा म्हणाले. “पण त्यो तसं गायलाच न्हाय. ते मी त्याच्याकडनं गाऊन घेतलं.”

यावर हेडमास्तर काहीतरी बोलणार होते, पण तेवढ्यात वीज आली. रविवारी रात्रीपर्यंत येत नसे, त्या दिवशी आली. ह्यांच्याकडून दोन मागांची बटणं बंद करायची राहून गेली होती, ते एकदम धडधडायला लागले आणि हेडमास्तरांचं मत कुणालाच ऐकू आलं नाही. मी शेडकडे धावले. परत आले तेव्हा मंडळ लाडू खात होतं आणि हेडमास्तर मामांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन पुढची बैठक पुन्हा इथेच ठेवू, असं ओरडून सांगत होते. मामांनी मध्येच वकिलाचं नाव काढलं असावं, कारण तो वकील कोण, तो ऐकवा म्हणाले.

सगळे गेल्यावर मामांनी खिट्टी हळूच खाली सरकवली, म्हाताऱ्याची जागा शोधायला. पाकिटावरची खूण मघाशी मंडळासमोर, बरोबर वेग लावताना, त्यांनी स्वतःच खोडून टाकली होती. जागा सापडेना. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि सतरंज्या झटकल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी, माग चालू व्हायच्या आत, मी ताण्यावर खुणा करायच्या लाल रंगाची डबी शेडमधून आणली. नाकवाल्याला बोलता ठेवून खिट्टी नीट लावली आणि शेजारी लाल ठिपका दिला. मग निळी डबी आणली. पाचवी तबकडी लावली, नाकवाला रेडा होईपर्यंत खिट्टी खाली नेली आणि तिथे निळा ठिपका दिला. नाहीतर मामा रोज ती जागा चाचपडत बसले असते आणि खिट्टीचा स्क्रू ढिला करून ठेवला असता. रंग वाळेपर्यंत कुणी हात लावायचा नाही, असं त्यांच्या डाव्या कानात सांगितलं आणि बॉबिनी भरायला गेले.